टबाचं बूच

जव्हारला मी भाड्याने राहत होते त्या घराच्या न्हाणीघरात एक टब होता. ओतीव लोखंडाचा, आतून पांढऱ्या मुलाम्याचा, खाली वाघाच्या पंजासारखे चार पाय. घर संस्थानाच्या काळात कुणा पाहुण्या अधिकाऱ्यासाठी बांधलेलं, असं मालक सांगायचे. ते स्वतः नाशिकला मुलाकडे असत. वर्षातून दोनदा येऊन कौलं बघून जात. पुढच्या खोल्यांना त्यांचं कुलूप, मागच्या दोन खोल्या आणि न्हाणीघर माझ्याकडे.

मी पंचायत समितीत कनिष्ठ लिपिक होते. नव्वदचं दशक संपत आलं होतं, माझं लग्न व्हायचं होतं, आणि एकटीला ते घर पुरून उरत होतं. टबात बसून अंघोळ करावी असं मला कधी सुचलं नाही. आमच्या गावी, वांगणीला, अंघोळ म्हणजे घरामागच्या फरशीवर दोन हंडे पाणी. टब माझ्यासाठी टाकी होता. चैत्र-वैशाखात नळ एक दिवसाआड यायचा तेव्हा तो काठोकाठ भरून ठेवायचा आणि तांब्याने उपसत राहायचं. त्याची मोरी तुंबलेली होती. बूच उघडं असो की बंद, पाणी जागचं हलायचं नाही. ते माझ्या पथ्यावरच पडलं होतं. तीन वर्षं मी त्या मोरीकडे वाकूनही पाहिलं नाही.

मग श्रावणात आई पडली.

आई सुईण होती. शेती आमची कोरडवाहू, भात आणि नाचणी. पण आजूबाजूच्या पाड्यांवर तिला ओळखायचे ते सुईण म्हणून. त्या दिवशी ओहळापलीकडच्या पाड्यावर एक बाळंतीण मोकळी करून ती एकटी परत येत होती आणि शेवाळलेल्या दगडावरून पाय सटकला. गुडघ्याखाली हाड मोडलं. चौघांनी घोंगडीच्या झोळीत घालून तिला डांबरी रस्त्यापर्यंत आणलं, तिथून जीपने जव्हारच्या दवाखान्यात. मांडीपासून घोट्यापर्यंत प्लास्टर. ते सहा आठवडे ती माझ्याकडे राहिली. खाटेवर बसून भिंतीकडे बघायची, नाहीतर तांदूळ निवडून द्यायची. निवडलेले तांदूळ पुन्हा निवडायची.

प्लास्टर काढलं तेव्हा पाय काठीसारखा बारीक झाला होता आणि गुडघा वाकत नव्हता. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "रोज अर्धा तास पूर्ण पाय कोमट पाण्यात बुडवायचा आणि पाण्यातच हळूहळू वाकवायचा. पाण्यात वजन लागत नाही, दुखणं कमी होतं. बादलीत नाही जमणार. मोठं काही आहे का घरी?"

"टब आहे," मी म्हटलं. डॉक्टरांनी मान वर करून पाहिलं. त्यांना वाटलं असावं, मी थट्टा करतेय.

घरी येऊन आईला न्हाणीघर दाखवलं. ती काठी टेकत उंबऱ्याशी उभी राहिली आणि टबाकडे बराच वेळ बघत राहिली.

"अगं बाय, ह्यात म्हशी बसवतात का मान्सं?"

"साहेब लोक बसायचे."

"मग त्यांनाच बसव," असं म्हणून ती खाटेकडे वळली.

तिचा खरा अडसर टब नव्हता, हे मला कळायला दोन दिवस गेले. प्लास्टर असताना मी तिला ओल्या फडक्याने पुसून घ्यायची. तेव्हाही ती तोंड फिरवून बसायची, लुगडं मुठीत घट्ट धरून. आयुष्यभर तिने दुसऱ्या बायकांना न्हाऊ घातलं. बाळंतिणीच्या अंगावर कढत पाणी ओतलं, चोवीस तासांच्या बाळांना पायांवर पालथं घेऊन चोळलं. तिला स्वतःला कुणी न्हाऊ घालणं ठाऊकच नव्हतं. त्यात लेकीने घालायचं. तिला लाज वाटत होती, आणि त्या लाजेचा तिला रागही येत होता.

तिसऱ्या दिवशी ती तयार झाली, कारण रात्रभर पाय ठणकला होता. मी बंब पेटवला, सहा-सात बादल्या ओतल्या, टब अर्धा भरला. आई लुगड्यानिशी आत उतरली. मी खांद्याला धरून तिला बसवलं. पाच मिनिटं झाली नसतील, तळाशी बसलेला गाळ गरम पाण्याने सुटून वर आला. काळपट, बुळबुळीत, आणि त्याचा वास नाकात बसणारा. मी तीन वर्षं वरवरचं पाणी उपसलं होतं, तळ कधी पाहिलाच नव्हता.

"काढ मला," आई म्हणाली.

तिला बाहेर काढलं, धुतलं, खाटेवर बसवलं. मग ते सगळं पाणी मी तांब्यातांब्याने बादलीत आणि बादल्या भरभरून परसात ओतल्या. शेवटचं चार बोटं पाणी तरीही उरलंच. ऑफिसला जाताना माझ्या हातांना तो वास येत होता. रोज असं करणं शक्यच नव्हतं. मोरी मोकळी व्हायला हवी होती.

टबाच्या एका टोकाला, तळाशी, वाटीच्या तोंडाएवढं पितळी बूच होतं. वर बोराएवढी गोल मूठ. ती ओढली की बूच बोटभर वर यायचं आणि तिथेच अडायचं. पाण्याला त्याच्याखालून वाट होती, पण पुढे मोरीतच काहीतरी साचलं होतं. ते काढायचं तर आधी बूच बाहेर यायला हवं. मी धुण्याचा सोडा ओतला, वरून उकळतं पाणी. काही नाही. मोडक्या छत्रीची एक काडी काढून फटीतून आत घालायचा प्रयत्न केला, तर ती वाकून परत आली. मग मूठ धरून इकडून तिकडे फिरवली. अख्खं बूच गरगर फिरलं, निघालं मात्र नाही.

ऑफिसात आमच्याकडे हातपंप दुरुस्तीचे एक मेकॅनिक होते, सगळे त्यांना भाऊ म्हणायचे. पन्नाशीचे, मोखाड्याकडचे, आवाज मोठा, हसणं त्याहून मोठं. अख्ख्या तालुक्याचे पंप त्यांच्या अंगावर. त्यांची दौऱ्याची डायरी मी टाईप करायची, म्हणून ते मला मान द्यायचे. त्यांना टबाचं सांगितलं.

"ताई, शंभर फुटांवरून पाईप वर काढतो मी," ते म्हणाले. "तुमचं ते बूच म्हणजे किस झाड की पत्ती!"

रविवारी सकाळी ते हत्यारांची पिशवी घेऊन आले. टबाच्या तळाशी उरलेलं पाणी मी फडक्याने टिपून ठेवलं होतं. आईला खाटेवर एकटं बसवत नव्हतं, म्हणून तिला न्हाणीघराच्या दाराशी स्टुलावर बसवलं, आखडलेला पाय समोर पसरून. भाऊंनी तिला नमस्कार केला. "मावशी, बघा आता गंमत."

त्यांची हत्यारं हातपंपाची. एकेक पाना हातभर लांब. टबात उतरून ते गुडघ्यांवर बसले, मोठ्या पकडीत ती बोराएवढी मूठ धरली आणि वर ओढली. पक्कड सटकली. पुन्हा धरली, पुन्हा सटकली. पितळेवर ओरखडे उठले. चौथ्या झटक्याला पक्कड निसटली तसे त्यांचं कोपर टबाच्या कडेवर आपटलं. ते तसेच डोळे मिटून थोडा वेळ बसले.

"हे असं नाही येणार," ते म्हणाले. "खालून कापावं लागेल. बाहेरून पाईप तोडतो आणि..."

"तोडू नका," मी घाबरून म्हटलं. घर माझं नव्हतं.

"मग छिन्नीने ह्याची मान उडवतो."

"थांब रे भाऊ," आई दारातून म्हणाली. आम्ही दोघांनी वळून पाहिलं. इतक्या दिवसांत परक्या माणसाशी ती आपणहून बोलली असं हे पहिल्यांदाच. "वढू नको. मघापासून वढूनच राहिलायस. त्याला यायचं हाय, पन वाट न्हाय मिळत."

भाऊ हसले. पण कोपर चोळत चोळत का होईना, ते टबातून बाहेर आले.

आईने मला स्टूल टबाजवळ सरकवायला लावलं. पाय तसाच लांब ठेवून ती कडेवरून आत वाकली. आधी तिने नुसता हात ठेवला. बुचावर तळवा टेकून, जणू ते गरम आहे की गार बघावं तसा. मग मुठीच्या मुळाशी बोट फिरवलं, सगळीकडून.

"हे एक न्हाय," ती म्हणाली. "दोन हायत. वरची गोळी येगळी, खालचं झाकन येगळं. मधी रेघ हाय. बघ."

मी वाकून बोट लावलं. डोळ्यांना दिसत नव्हती, पण नखाला लागत होती. केसाएवढी खाच. तीन वर्षांचा क्षार आणि त्याआधीचा कुणाकुणाचा साबण तिच्यात बसलेला.

"कढत पानी आन. आनि खोबऱ्याचं त्याल."

मी बंबातलं पाणी आणलं. तिने ते बारीक धारेने फक्त मुठीवर सोडलं, बराच वेळ. तेल लावलं. मग हात पुसून बसून राहिली. भाऊंनी विचारलं, "आता?"

"आता काय? बस."

आम्ही बसलो. मी चहा केला. भाऊ दाराच्या चौकटीला टेकून आईला एका पंपाची गोष्ट सांगत होते, पाईपात साप निघाला त्याची, आणि आई हुंकार देत होती. पण तिचं लक्ष बुचावर होतं. मधून मधून कढत पाणी, पुन्हा तेल. चहा पिऊन झाल्यावर तिने पदराचं टोक मुठीभोवती गुंडाळलं.

"तू खालचं झाकन धर," ती मला म्हणाली. "घट्ट. हलू देऊ नको."

मी मूठ फिरवली तेव्हा तिच्यासोबत अख्खं बूच फिरलं होतं ते झाकण धरलं नव्हतं म्हणून, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं. मी दोन्ही हातांनी झाकण दाबून धरलं. आईने मूठ डावीकडे वळवली. जोर लावलाय असं तिच्या हाताकडे बघून वाटत नव्हतं. वळवायची, सोडायची. पुन्हा वळवायची, पुन्हा सोडायची. तोंडाने अगदी हळू काहीतरी म्हणत होती. तेच ती बाळंतिणीजवळ म्हणते, हे मला आठवलं. "हां... हां... ये. ये गं बाय. घाई न्हाय."

करकर असा बारीक आवाज झाला. मूठ पाव आट्याने फिरली. मग अर्धा. मग सैल होऊन तिच्या पदरात आली.

भाऊंनी मांडीवर थाप मारली. "मावशी! च्यायला!" आणि लगेच जीभ चावली.

पुढचं काम त्यांचं. झाकण अलगद निघालं, त्याखाली एक पितळी खुंटी होती आणि खुंटीच्या डोक्यावर स्क्रू. तो त्यांच्या सगळ्यात लहान स्क्रूड्रायव्हरने सुटला. खुंटी काढली तेव्हा खाली अधिक चिन्हासारखी आडवी पट्टी दिसली, आणि तिला लपेटून केस. मी छत्रीची काडी पकडीने वाकवून आकडा केला आणि आत घालून ओढलं. हातभर लांब दोर आला. केस, साबण, सुतळीचे धागे, फणीचे दोन दात, सगळं एकजीव झालेलं. माझ्या आधी त्या घरात कोण कोण राहून गेलं असेल, कुणास ठाऊक. मी तोंडावर हात धरून मागे सरकले.

आईने माझ्या हातातला आकडा घेतला. उरलेलं तिने नुसत्या बोटांनी काढलं. चेहऱ्यावर कसलीही किळस नाही.

"तुला वास नाही येत?" मी विचारलं.

"येतो की. वासाला काय करायचं?"

मग पाणी ओतून बघायचं ठरलं. मोरीचा पाईप भिंतीतून मागच्या परसात निघत होता, केळीच्या बुंध्याशी. भाऊ बाहेर जाऊन उभे राहिले. मी बादली ओतली.

"आलं का?"

"नाही!"

दुसरी बादली ओतली.

"आता?"

"थेंब थेंब!" मग एकदम मोठ्याने, "आलं! आलं! काळं आलं! अहो ताई, थांबा!"

थांबणार कशी, बादली रिकामी झाली होती. टबातलं पाणी आधी जागच्या जागी गोल फिरू लागलं, मग मधे खळगा पडला आणि घशातून आवाज काढत ते निघून गेलं. भाऊ परत आले ते पोटऱ्यांपर्यंत काळे होऊन, चपला हातात धरून. त्यांच्याकडे पाहून आई हसली. आधी पदर तोंडाशी धरून, मग पदर खाली पडला तरी हसतच राहिली. श्रावणापासून तिला हसताना मी पाहिलं नव्हतं.

भाऊंनी बुचाचे सगळे भाग राखेने घासून परत बसवून दिले. मूठ मात्र आईने पूर्ण आवळू दिली नाही. "पुन्ना काढावी लागंल," ती म्हणाली. ते खरंच होतं. दर पंधरा दिवसांनी आम्ही ती काढून केस साफ करायचो.

त्याच संध्याकाळी, उजेड असताना, मी टब राखेने आणि चिंचेने घासला. दुसऱ्या दिवशी सकाळी आई त्यात बसली. तिने भिंतीकडे तोंड केलं होतं आणि मी टबाबाहेर तिच्या पाठीमागे बसले होते, म्हणजे आम्हाला एकमेकींकडे बघावं लागत नव्हतं. पाणी तिच्या छातीपर्यंत होतं. पाय आपोआप थोडा वर आला.

"हलका लागतो गं," ती म्हणाली. "माझा न्हायच वाटत."

रोज सकाळी ऑफिसआधी अर्धा तास. पहिल्या आठवड्यात गुडघा वाकवताना ती दात चावायची. मी पाण्यात हात घालून पोटरीला आधार द्यायची. दुखलं की ती "थांब" म्हणायची आणि मी थांबायची. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून ती बोलायला लागली. कुठल्या पाड्यावर कुणाचं बाळ पायाळू होतं, कुणाच्या घरात दिवा नव्हता, कुणाचा नवरा घाबरून झाडावर जाऊन बसला होता. मी तिच्या पोटी जन्मलेली, पण यातलं मला काहीच माहीत नव्हतं. आश्रमशाळेत राहून शिकले, सुट्टीत घरी यायची तेव्हा ती कुठेतरी बोलावण्याला गेलेली असायची. शाळेत कुणी विचारलं तर "आई शेती करते" असं मी सांगायची.

"किती बाळंतपणं केलीस गं?" मी एकदा विचारलं.

"मोजायची नसतात."

मला एक गोष्ट तिला सांगायची होती. दोन वर्षांपूर्वी आमच्या ऑफिसात आरोग्य विभागाकरता दायांची यादी टाईप करायला आली होती. एक रकाना प्रशिक्षित, एक अप्रशिक्षित. वांगणीपुढे आईचं नाव होतं आणि दुसऱ्या रकान्यात खूण. ती खूण मीच टाईप केली होती, आणि शेजारच्या टेबलावरच्या बाईंना ते नाव माझ्या आईचं आहे हे सांगितलं नव्हतं. टबाच्या कडेला बसून, तिच्या पाठीकडे बघत, मी ते सांगून टाकलं.

आई पाण्यात पाय वाकवत राहिली.

"मग? खोटं हाय का काय ते?" ती म्हणाली. "मला कुठं कुनी शिकवलंय. सासूच्या मागं मागं फिरून शिकले." आणि मग, "पानी गार झालं. अजून एक बादली घाल."

मी घातली. मला वाटलं होतं तिला वाईट वाटेल. तिला वाईट वाटलं नाही म्हणून मला जास्त वाटलं.

त्या यादीवरून ऑफिसात पुढे दायांचं प्रशिक्षण निघालं, तेव्हा मी आरोग्य विभागातल्या बाईंकडे स्वतः गेले आणि सांगितलं की वांगणीची दाई माझी आई आहे, तिला बोलवा. त्या म्हणाल्या, "अगं, मग आधी का नाही बोललीस?" आई त्या प्रशिक्षणाला आली नाही, नाचणीची कापणी होती. त्याच्या पुढच्या वर्षीच्याला आली आणि मिळालेल्या पेटीतली कात्री तिला फार आवडली.

पण ते नंतरचं. त्या वर्षी नवरात्र संपेपर्यंत गुडघा काटकोनात वाकू लागला. पुढे आणखी थोडा. पूर्ण उकिडवं बसणं तिला कधीच जमलं नाही. डॉक्टरांनी तसं आधीच सांगितलं होतं. लावणीला ती पुन्हा उतरली नाही. बाळंतपणाला जाताना मात्र एक बुटका पाट बरोबर न्यायला लागली.

भात पिवळं पडायला लागलं तशी ती अस्वस्थ झाली. एके दिवशी सकाळी वांगणीहून एक बाई आली. ओळखीची, नात्यातली. तिच्या सुनेचे दिवस भरत आले होते. दवाखान्यात न्या, असं मी म्हटलं. ती म्हणाली, "नेऊ. पन हिने आधी हात लावून सांगू दे. हिने सांगितलं तर तो दवाखान्यात जाऊ देईल." तो म्हणजे मुलगा. आईने दोन लुगडी पिशवीत कोंबली, काठी घेतली. मी म्हटलं, निदान आज पाण्यात बसून जा. ती नको म्हणाली.

जीपच्या थांब्यापर्यंत मी त्या दोघींबरोबर गेले. जीप भरत आली होती. ड्रायव्हरने पुढच्या सीटवरच्या एका माणसाला मागे पाठवलं आणि आईला पुढे बसायला सांगितलं. पायरी उंच होती. मी दंडाला धरायला हात पुढे केला.

"असू दे," ती म्हणाली. तिने चांगला पाय आधी वर टाकला, मग दुसरा हाताने उचलून आत घेतला आणि नीट बसली. पिशवी मांडीवर घेतली. खिडकीतून बाहेर बघून म्हणाली, "जा आता. साहेब बोंबलंल."

जीप वळणावर दिसेनाशी झाल्यावर मी ऑफिसला गेले. त्या दिवशी मला वीस मिनिटं उशीर झाला होता, आणि साहेब खरंच बोलले. चार दिवसांनी ती बाई निरोप घेऊन आली. सुनेला वेळेत दवाखान्यात आणलं होतं, मुलगी झाली होती, आणि आई माझ्याकडे न येता रात्रभर दवाखान्याच्या बाहेरच्या बाकावर पाय लांब करून बसली होती. डॉक्टरांनी तिला ओळखलं आणि गुडघा बघितला, असं ती बाई म्हणाली. काय म्हणाले ते तिला आठवत नव्हतं.